कॅन्सर चालवणारं म्युटेशन ओळखायचं कसं? तोंडाच्या कॅन्सरचा डेटा घेऊन, पायरीपायरीने

तोंडाच्या कॅन्सरच्या एका गाठीतल्या सगळ्या जनुकांचा प्रथिनं बनवणारा भाग वाचून काढला, तर शंभराच्या आगेमागे म्युटेशन, म्हणजे डीएनएच्या अक्षरांतले बदल, सापडतात. त्यातली बहुतेक नुसती सोबत आलेली असतात. पेशी विभागताना किंवा तंबाखूच्या रसायनांनी डीएनएला इजा होताना ती घडली आणि गाठीबरोबर वाढली. त्यांना पॅसेंजर म्हणतात. पेशीला खरोखर बेताल वाढायला लावणारी ड्रायव्हर म्युटेशन हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. ती या गर्दीतून वेगळी कशी काढायची, एवढाच या लेखाचा विषय आहे.

शिवाजी विद्यापीठात किंवा कोल्हापुरातल्या कॉलेजांत बायोटेक, मायक्रोबायोलॉजी, संख्याशास्त्र, कॉम्प्युटर शिकणाऱ्यांना समोर ठेवून मी हे लिहितोय. महागडी लॅब लागत नाही. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप, आर ही मोफत भाषा, बरं इंटरनेट आणि चिकाटी पुरते. उदाहरण तोंडाच्या कॅन्सरचं घेतलंय, कारण तो आपल्या दारातला आहे. निपाणीचा तंबाखू पट्टा इथून तासाभरावर. सकाळी मशेरी लावणाऱ्या बायका, दिवसभर गालात बार धरून शेतात राबणारी माणसं आपण सगळे ओळखतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी गालाच्या कॅन्सरचे पेशंट यायचे थांबलेले नाहीत. या आजाराच्या डेटावर आपल्या भागातल्या मुलांनी काम करावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी प्रश्न नीट मांडा

नवखा माणूस हमखास एक गोष्ट करतो. सगळ्या पेशंटांची म्युटेशन एकत्र करतो, कुठल्या जनुकात सर्वांत जास्त दिसली ते मोजतो आणि वरची वीस जनुकं ‘कॅन्सरची जनुकं’ म्हणून मांडतो. त्या यादीत टीटीएन हे जनुक जवळजवळ नक्की येतं. टीटीएन स्नायूंतलं टायटिन हे प्रथिन बनवतं. ते ३४ हजारांहून जास्त अमिनो आम्लांचं आहे, तर कॅन्सरमध्ये खरोखर वारंवार बिघडणाऱ्या टीपी५३ या जनुकाचं प्रथिन फक्त ३९३ अमिनो आम्लांचं. दोन्हींवर म्युटेशन सारख्याच दराने पडली, तरी टीटीएनमध्ये ती सुमारे नव्वदपट सापडणार. यात कॅन्सरचा काही संबंध नाही, जनुक लांब आहे इतकंच.

लांबी हे झालं उघड कारण. त्याशिवाय जीनोमच्या वेगवेगळ्या भागांत म्युटेशनचा दरच वेगळा असतो. पेशी विभागताना ज्या भागाची नक्कल उशिरा होते तिथे जास्त म्युटेशन साठतात. जे जनुक भरपूर वापरात असतं, त्याची दुरुस्तीही जास्त होते, म्हणून तिथे कमी. वास ओळखणाऱ्या प्रथिनांची जनुकं उशिरा नक्कल होणारी आणि गालाच्या पेशीत जवळपास बंद असलेली. साहजिकच ती यादीत वर येतात. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या अभ्यासांत अशी जनुकं ‘महत्त्वाची’ ठरू लागली, तेव्हा संशोधक सावध झाले. २०१३ साली म्युटसिग-सीव्ही ही पद्धत याच दुखण्यावर उपाय म्हणून पुढे आली.

गगनबावड्यात एका दिवसात पडलेला शंभर मिलिमीटर पाऊस ही बातमी नसते, तेवढाच शिरोळात पडला तर सगळं गाव बोलतं. जनुकांचंही तसंच. म्हणून ‘किती वेळा दिसलं’ यावर थांबू नका. योगायोगाने तिथे किती दिसायला हवी होती आणि त्याहून किती जास्त दिसली, हे विचारा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नासाठी आहेत.

डेटा कुठला घ्यायचा

सुरुवातीला कच्च्या सीक्वेन्सिंग (डीएनए वाचनाच्या) फायलींच्या वाटेला जाऊ नका. त्या प्रचंड मोठ्या असतात आणि पेशंटची ओळख उघड होऊ शकते म्हणून परवानगीशिवाय मिळतही नाहीत. म्युटेशनची तयार तक्ता-फाईल, म्हणजे एमएएफ, खुली मिळते. अमेरिकेच्या टीसीजीए प्रकल्पाने २००६ पासून ३३ प्रकारच्या कॅन्सरचे ११ हजारांहून जास्त पेशंट अभ्यासले. यांतल्या बहुतेकांची म्युटेशन एकाच रीतीने, म्युटेशन शोधणारी अनेक सॉफ्टवेअर (कॉलर) वापरून पुन्हा काढून ‘एमसी३’ नावाची एक एमएएफ तयार केली गेली. माझ्या मते शिकायला ती सर्वांत बरी, कारण वेगवेगळ्या लॅबच्या वेगवेगळ्या सवयींचा गोंधळ तिच्यात कमी आहे.

तिच्यातून डोकं-मान विभागाचे पाचशेवर पेशंट वेगळे काढा. मग क्लिनिकल फाईल उघडून गाठीची जागा बघा. स्वरयंत्र, टॉन्सिल, जीभ, गालाची आतली बाजू, हिरडी हे सगळं एकाच नावाखाली आहे. टॉन्सिलच्या गाठींत एचपीव्ही विषाणूमुळे झालेल्या बऱ्याच असतात, आणि त्यांचं जनुकीय चित्र वेगळं असतं. एचपीव्हीचं प्रथिन टीपी५३ ला परस्पर निकामी करतं, त्यामुळे तिथे टीपी५३ चं म्युटेशन क्वचित दिसतं. तंबाखूच्या कॅन्सरबद्दल बोलायचं असेल तर या गाठी बाजूला ठेवा.

आता आपल्या कामाचा मुद्दा. टीसीजीएत गालाच्या आतल्या बाजूच्या गाठी अगदी थोड्या आहेत. तिकडे जिभेचा कॅन्सर जास्त, आपल्याकडे गाल-हिरडीचा. हा फरक लक्षात घेऊन भारताने आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीनोम संघात नेमका गाल-हिरडीचा कॅन्सर निवडला. कल्याणीची एनआयबीएमजी आणि नवी मुंबईतल्या खारघरची ॲक्ट्रेक या संस्थांनी ते काम केलं आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. टीपी५३, फॅट१, कॅस्प८, एचआरएएस, नॉच१ ही ओळखीची जनुकं त्यात आलीच. शिवाय यूएसपी९एक्स, एमएलएल४, एआरआयडी२, यूएनसी१३सी, टीआरपीएम३ अशी नवी नावंही आली. परदेशी यादी जशीच्या तशी उचलून आपल्या पेशंटांना लावू नये, याला यापेक्षा चांगला पुरावा कुठला हवा?

साफसफाई: वेळ इथे द्या

निकाल चुकतो तो बहुतेक वेळा इथे, म्हणून या पायरीवर घाई नको.

सर्वांत आधी एका पेशंटचा एकच नमुना ठेवा. टीसीजीएच्या बारकोडमधली पहिली १२ अक्षरं पेशंटची ओळख सांगतात. पुढचे दोन अंक नमुन्याचा प्रकार सांगतात. ०१ म्हणजे मूळ गाठ, ०६ म्हणजे पसरलेली गाठ, १० म्हणजे रक्तातला निरोगी नमुना. एकाच माणसाचे दोन नमुने राहिले, तर त्याचं प्रत्येक म्युटेशन दोनदा मोजलं जातं आणि नसलेला हॉटस्पॉट (म्युटेशन वारंवार दिसणारी जागा) तयार होतो.

मग म्युटेशनचे पत्ते ज्या संदर्भ जीनोमवरून दिलेत, त्याची आवृत्ती तपासा. एमसी३ जुन्या आवृत्तीवर, एचजी१९ वर आहे. टीसीजीएचा डेटा देणाऱ्या जीडीसी पोर्टलच्या नव्या फायली जीआरसीएच३८ वर. दोन्ही मिसळल्या तर पत्ते चुकतात. क्रोमोसोमच्या नावापुढे ‘सीएचआर’ आहे की नुसता आकडा, हेही एकसारखं करा.

आता अशी गोष्ट, जिच्यापायी अनेकांचे आठवडे जातात. ज्या म्युटेशनने अमिनो आम्ल बदलत नाही, ती मूक म्युटेशन फाईलमध्ये आहेत का ते बघा. पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर उभा आहे. सीबायोपोर्टल या वेबसाइटवरून घेतलेल्या डेटात ती सहसा गाळलेली असतात, तिथला डेटा यासाठी वापरू नका. आरमधलं मॅफटूल्स पॅकेज ती गाळत नाही, पण वेगळ्या कप्प्यात ठेवतं. मुख्य कप्पाच पुढे पाठवला, तर प्रोग्राम तक्रार न करता चुकीचं उत्तर देऊ शकतो. म्हणून प्रत्येक प्रकारची म्युटेशन किती, हे मोजून कागदावर लिहून ठेवा. मूक शून्य दिसली की थांबा.

खोटी म्युटेशन ओळखायलाही शिका. फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेल्या ब्लॉकमधून डीएनए काढला, तर सी चा टी झाल्यासारखा दिसतो. फॉर्मॅलिन आणि वर्षांचा साठा डीएनएची नासधूस करतात, त्याचा हा परिणाम. नमुना तयार करताना ऑक्सिडेशन झालं तर जी चा टी दिसतो. एखाद्या नमुन्यात असल्या बदलांचा अचानक पूर दिसला, आणि तोही थोड्याच रीड्समध्ये (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांत), तर जीवशास्त्राआधी ब्लॉकवर संशय घ्या.

एक ओळ जवळून बघू. समजा एचआरएएसमधल्या एका जागी गाठीतले ८० रीड्स आहेत आणि त्यातल्या २४ मध्ये बदल आहे, म्हणजे ३० टक्के. पॅथॉलॉजीच्या अंदाजाने नमुन्यातल्या ६० टक्के पेशी कॅन्सरच्या. दोनपैकी एकाच प्रतीत बदल झाला असेल आणि तो सगळ्या कॅन्सर पेशींत असेल, तर साठाच्या निम्मे ३० टक्केच दिसायला हवेत. हिशेब जुळला, म्हणजे बदल बहुधा गाठीच्या सुरुवातीपासूनचा. दुसऱ्या जागी ८० पैकी ५ रीड्समध्ये बदल आहे. तो गाठीच्या एका फांदीपुरता असू शकतो किंवा नुसता कचरा. कच्ची फाईल हाताशी असेल तर आयजीव्ही या रीड्स दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती जागा उघडा. पाचही रीड्स एकाच दिशेचे असतील, बदल रीडच्या अगदी टोकाला असेल किंवा तो रीड जीनोममध्ये इतरत्रही बसत असेल, तर ती ओळ काढून टाका.

जन्मजात बदल गाळणं हा आपल्यासाठी वेगळा आणि नाजूक विषय. गाठीबरोबर त्याच माणसाचं रक्त तपासलेलं असेल तर अडचण कमी. पण खर्चापोटी नुसत्या गाठीची तपासणी झाली असेल, तर जन्मजात बदल आणि गाठीतला बदल वेगळे करायला लोकसंख्येच्या डेटाबेसवर अवलंबून राहावं लागतं. परदेशी डेटाबेसात न सापडलेला पण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला बदल तेव्हा कॅन्सरचा वाटू शकतो. नोमॅड या आंतरराष्ट्रीय डेटाबेसबरोबर इंडिजेन प्रकल्पाचे १,०२९ भारतीय जीनोम जरूर ताडून बघा. जीनोम इंडिया प्रकल्पाने सुमारे दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले आहेत. तो डेटा मिळवायची रीत आहे, मार्गदर्शकांमार्फत अर्ज करा.

हाताने एक गणित करा

सॉफ्टवेअर चालवण्याआधी हे कागदावर करायलाच हवं, नाहीतर निकालाच्या आकड्यांचा अर्थ कळत नाही.

मूक म्युटेशनने प्रथिन बदलत नाही, म्हणून पेशीला सहसा फायदाही नाही, तोटाही नाही. म्हणजे त्या जागी म्युटेशन किती दराने पडतात, याचं ते माप झालं. समजा, ५०० गाठींत मिळून एका जनुकात १० मूक आणि ६० मिसेन्स (एक अमिनो आम्ल बदलणारी) म्युटेशन सापडली. त्या जनुकाच्या अक्षररचनेवरून असं निघालं, की नुसत्या योगायोगाने एका मुकामागे ३ मिसेन्स पडतात. म्हणजे अपेक्षित ३०, सापडली ६०, गुणोत्तर २. जास्तीची ३० निवड होऊन टिकली, म्हणजे मिसेन्सपैकी अंदाजे निम्मी ड्रायव्हर. गुणोत्तर ५ असेल तर त्याच हिशेबाने ८० टक्के. नेमकी कुठली, ते यातून कळत नाही, त्यासाठी पुढची पायरी आहे.

आता दुसरी बाजू. १ मूक आणि ६ मिसेन्स असतील तरी गुणोत्तर २ च येतं, पण एका मूक म्युटेशनवर कोण भरवसा ठेवेल? बहुतेक जनुकांची हीच स्थिती असते. यावर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनडीएस-सीव्ही पद्धतीने चांगला तोडगा काढला. जनुकातली मूक म्युटेशन ती मोजतेच, शिवाय त्या भागातल्या क्रोमॅटिनची स्थिती (डीएनए कसा गुंडाळलाय) अशा माहितीवरून ‘अशा जनुकात साधारण किती अपेक्षित’ हेही सगळ्या जनुकांकडून शिकते. कुठल्या शेजारी अक्षरांमध्ये कुठलं अक्षर बदललं, याचे १९२ प्रकार ती वेगळे धरते. सीजी जोडीतला सी वयाबरोबर सहज टी होतो. हे न धरता मोजलं तर सगळं गणित वाकडं जातं.

चालवून बघा

डीएनडीएस-सीव्हीला पाचच रकाने लागतात: नमुना, क्रोमोसोम, जागा, मूळ अक्षर, बदललेलं अक्षर. पाचशे नमुन्यांचं काम साध्या लॅपटॉपवर होतं. एखाद्या नमुन्यात ३,००० हून जास्त कोडिंग म्युटेशन असतील तर तो नमुना प्रोग्राम आपणहून वगळतो, आणि एका नमुन्यातल्या एका जनुकाची तीनच म्युटेशन धरतो. हे योग्यच आहे. ज्या गाठीची डीएनए-दुरुस्ती बिघडली आहे, ती एकटी सगळ्या अभ्यासाचा तोल घालवू शकते.

निकाल आला की थेट यादीवर उडी मारू नका. आधी इशारे वाचा. मूळ अक्षर जुळत नाही असा इशारा असेल तर जीनोम आवृत्तीचा घोळ आहे. लगतच्या जागांवर एकाच नमुन्यात दोन म्युटेशन असल्याचा इशारा असेल, तर तो बहुधा एकच दुहेरी बदल आहे आणि तुम्ही तो दोनदा मोजताय. मग थीटा हा आकडा बघा. तो एकाहून कमी असेल तर डेटात गडबड किंवा सॉफ्टवेअरला न कळलेला चढउतार आहे, आणि यादीवर विश्वास ठेवण्याआधी साफसफाईकडे परत जावं लागेल.

सुमारे २० हजार जनुकं एकदम तपासताना पी ०.०५ चा निकष लावला, तर निव्वळ योगायोगाने हजारभर ‘सापडतील’. म्हणून दुरुस्त केलेली क्यू किंमत बघायची, ०.१ च्या आतली. तोंडाच्या कॅन्सरमध्ये वर टीपी५३, सीडीकेएन२ए, फॅट१, नॉच१, कॅस्प८, पीआयके३सीए, एनएसडी१, एचआरएएस अशी नावं यायला हवीत. ती आली नाहीत तर नवा शोध लागला असं समजू नका, गाडी कुठे अडली ते शोधा. टीटीएन वर आलं तरी तसंच.

आणि जे जनुक यादीत नाही, ते निर्दोष ठरत नाही. २०१४ मधल्या एका विश्लेषणानुसार कमी पेशंटांत दिसणारी ड्रायव्हर जनुकं जवळपास सगळी सापडायला एकेका कॅन्सरचे ६०० ते ५,००० नमुने लागतात. पन्नास नमुन्यांच्या प्रबंधात ‘दुसरं काही नाही’ असं लिहिणं म्हणूनच चूक ठरतं.

जनुक ठरलं, आता म्युटेशन

ड्रायव्हर जनुकातलं प्रत्येक म्युटेशन ड्रायव्हर नसतं. इथे म्युटेशनची मांडणी डोळ्यांनी बघा. मॅफटूल्समध्ये प्रथिनाच्या लांबीवर ठिपके मांडणारा लॉलीपॉप आलेख निघतो. पीआयके३सीएमध्ये ठिपके ५४२, ५४५ आणि १०४७ या जागांवर गोळा झालेले दिसतील, एचआरएएसमध्ये १२, १३, ६१ वर. ठरावीक जागीच बिघडून प्रथिन जास्त काम करू लागतं, ही ऑन्कोजीनची (पेशीची वाढ पेटवणाऱ्या जनुकाची) खूण. फॅट१ आणि कॅस्प८ मध्ये नॉनसेन्स, फ्रेमशिफ्ट अशी प्रथिन अर्धवट तोडणारी म्युटेशन जनुकभर विखुरलेली दिसतात. कुठेही तोडलं तरी प्रथिन निकामी होतं, ही ट्यूमर सप्रेसरची (वाढ रोखणाऱ्या जनुकाची) खूण. टीपी५३ दोन्हींसारखं वागतं: तुटणारी म्युटेशनही आहेत, आणि १७५, २४८, २७३ अशा जागी मिसेन्सची गर्दीही.

हॉटस्पॉट म्हणजे ड्रायव्हरच, असंही धरून चालू नका. अपोबेक ही एन्झाइमं डीएनएच्या केसाच्या पिनेसारख्या वळलेल्या जागी वारंवार तोच बदल करतात, त्यामुळे पेशीला काही फायदा नसलेले हॉटस्पॉटही तयार होतात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये अपोबेकच्या खुणा भरपूर असतात, म्हणून हा धोका इथे खरा आहे. उलट, मूक म्युटेशनही कधी घातक असतं. टीपी५३ च्या १२५ व्या कोडॉनच्या (एका अमिनो आम्लाच्या तीन अक्षरांच्या) शेवटच्या अक्षरातला बदल अमिनो आम्ल बदलत नाही, पण तिथे एक्झॉन (जनुकाचा एक तुकडा) संपतो आणि स्प्लायसिंग, म्हणजे तुकड्यांची जोडणी, बिघडतं.

सिफ्ट, पॉलीफेन, अल्फामिसेन्स या म्युटेशनच्या परिणामाचा अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामचे गुण पुरवणी पुरावा म्हणून वापरा. प्रथिन बिघडलं का, हे ते सांगतात, त्याने पेशीला वाढायला मदत झाली का, हे सांगत नाहीत. त्यानंतर ऑन्कोकेबी आणि सिव्हिक या डेटाबेसांत एकेक म्युटेशन तपासा. म्युटेशनला ‘ऑन्कोजेनिक’ (कॅन्सरला चालना देणारं) म्हणायला किती पुरावा हवा, याची गुणांची पद्धत २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय गटांनी मिळून ठरवली आहे, तीच वापरा.

मग कोण कोणाबरोबर येतं ते बघा. टीसीजीएच्या २०१५ च्या अभ्यासात तोंडाच्या गाठींचा एक छोटा गट सापडला: एचआरएएस सुरू, कॅस्प८ निकामी, टीपी५३ शाबूत आणि क्रोमोसोमची मोडतोड कमी. म्हणजे टीपी५३ न बिघडवताही कॅन्सरला वाट सापडते. मला हा या डेटातला सर्वांत मोलाचा धडा वाटतो, आणि तो एकेका जनुकाची यादी बघून कधीच दिसला नसता.

या फाईलमध्ये जे नाही

एमएएफमध्ये फक्त छोटे बदल असतात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये अकराव्या क्रोमोसोमवरच्या ११क्यू१३ भागाच्या जादा प्रतींमुळे सीसीएनडी१ वाढतं आणि नवव्या क्रोमोसोमवरचा ९पी२१ भाग गळून गेल्याने सीडीकेएन२ए जातं. हे बघायला कॉपी नंबरचा डेटा आणि जिस्टिक ही पद्धत हवी. टर्ट जनुकाच्या प्रवर्तकातली (जनुक सुरू करणाऱ्या भागातली) म्युटेशन कोडिंग भागाबाहेर असल्याने एक्सोममध्ये, म्हणजे फक्त प्रथिनं बनवणारा भाग वाचलेल्या डेटात, नीट दिसत नाहीत.

याहून खोल अडचण वेगळी आहे. २०१८ मध्ये निरोगी माणसांच्या अन्ननलिकेचं अस्तर तपासलं, तेव्हा मध्यम वयात नॉच१ ची म्युटेशन झालेल्या पेशींनी मोठा भाग व्यापलेला दिसला, कॅन्सरपेक्षाही जास्त. म्हणजे म्युटेशनची निवड झाली, इतकंच आपलं गणित सिद्ध करतं. त्याने कॅन्सर होतोच, हे नाही. तो पुरावा पेशींवरच्या प्रयोगांतून, क्रिस्परने जनुक बंद करून यावा लागतो. औषधाचंही तसंच. बीआरएएफ जनुकात व्ही६००ई हे म्युटेशन असलेल्या मेलानोमावर (त्वचेच्या कॅन्सरवर) वेमुराफेनिब हे औषध चालतं, तेच म्युटेशन असलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर ते एकटं फारसं चालत नाही, कारण तिथे ईजीएफआर हे प्रथिन दुसऱ्या वाटेने सिग्नल पुन्हा सुरू करतो. म्हणून तुमच्या यादीवरून कुठल्याही पेशंटला किंवा नातेवाइकाला औषध सुचवू नका. ते काम कॅन्सरतज्ज्ञांचं.

आपल्याकडचे नमुने घ्यायचे असतील तर

खुल्या डेटावर हात बसला, की कोल्हापूर, सांगली, निपाणी भागातल्या पेशंटांवर काम करावंसं वाटेल, आणि करायलाच हवं. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, नमुना नंतर. संमतीपत्र मराठीत असू द्या आणि सीमाभागातल्या पेशंटांसाठी कन्नडमध्येही. डेटा पुढे इतर संशोधकांना देणार का, हे त्यात स्पष्ट लिहा. जुन्या मेणाच्या ब्लॉकपेक्षा ऑपरेशनच्या वेळी लगेच गोठवलेला तुकडा घ्या आणि त्याच दिवशी त्याच पेशंटचं रक्तही. कॅन्सर पेशींचं प्रमाण पॅथॉलॉजिस्टकडून लिहून घ्या.

सवयींची नोंद बारकाईने करा. ‘तंबाखू: होय’ एवढं पुरत नाही. मशेरी, चुना-तंबाखू, मावा, गुटखा, बिडी, दारू यांतलं काय, किती वर्षं, बार कुठल्या गालात धरत होते, हे विचारा. तंबाखू चघळणाऱ्यांच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरमध्ये म्युटेशनची एक खास छाप आढळली आहे, कॉस्मिक या कॅन्सर-म्युटेशनच्या डेटाबेसच्या यादीत तिचा क्रमांक एसबीएस२९. ती आपल्या मशेरी लावणाऱ्या बायकांच्या गाठींत दिसते का, हे तपासायचं तर गाठीच्या डेटाइतकीच ही नोंद पक्की हवी. काम प्रसिद्ध करताना डेटा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात जमा करा. तक्त्यात प्रत्येक जनुकासमोर सापडलेली संख्या, अपेक्षित संख्या, क्यू किंमत, मांडणीचा प्रकार आणि प्रयोगाचा पुरावा असे पाच रकाने ठेवा. ज्या रकान्यात पुरावा नाही, तो मोकळाच राहू द्या.